लाल जर्सीचे गहाणखत

रग्बीचे गुणफलक वाचण्याची सवय मराठी वाचकाला नाही, आणि मुंबईच्या जिमखान्यावर हा खेळ इंग्रजी अमदानीपासून चालत आलेला असला तरी त्याची वार्ता आझाद मैदानाच्या कुंपणापलीकडे फारशी गेलेली नाही. म्हणून प्रारंभी थोडे अंकगणित मांडणे क्रमप्राप्त आहे. प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू भूमीला टेकवला की त्यास ट्राय म्हणतात व त्याचे पाच गुण मिळतात; त्यामागून मारलेली लाथ दोन खांबांमधून आणि आडव्या दांडीवरून गेली तर आणखी दोन; आणि प्रतिपक्षाच्या आगळिकीबद्दल मिळालेली पेनल्टी साधली तर तीन. एवढे ध्यानात ठेवून २०११ साली इटलीत भरलेल्या वीस वर्षांखालील तरुणांच्या जागतिक स्पर्धेतला एक आकडा पाहावा : न्यू झीलंड ९२, वेल्स ०. तेरा ट्राय झाले आणि त्यांवरच्या तेराही लाथा अचूक बसल्या, तरी बेरीज ९१ वरच थांबते. आणि सामना असतो ऐंशी मिनिटांचा. पुढल्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत, केपटाउनजवळच्या स्टेलनबॉश या गावी, हेच दोन देश त्याच स्पर्धेत पुन्हा समोरासमोर आले, तेव्हाचा आकडा असा : वेल्स ९, न्यू झीलंड ६. नऊ आणि सहा या संख्या तीन गुणांच्या लाथांखेरीज अन्य कोणत्याही रीतीने जुळत नाहीत, यावरून सामना न पाहिलेल्यालाही कळते की त्या दिवशी गोलरेषा कोणालाच ओलांडता आली नाही आणि वेल्सच्या पोरांनी ती ऐंशी मिनिटे अडवून धरली.

२००८ साली ही स्पर्धा सुरू झाल्यापासून न्यू झीलंडच्या तरुणांनी चारही विजेतेपदे मिळवली होती व एकही सामना गमावला नव्हता. तो पहिला पराभव त्यांना वेल्सने दिला. त्याचे मोल वेल्समध्ये काय असेल हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १६ डिसेंबर १९०५ रोजी कार्डिफला वेल्सने न्यू झीलंडला ३-० असे हरवले, आणि सामन्यापूर्वी वेल्श भाषेतले राष्ट्रगीत प्रेक्षकांनी एका कंठाने गायिले, ती घटना त्या देशाच्या सामूहिक स्मृतीत एखाद्या लढाईसारखी कोरली गेली आहे. १९३५ मध्ये पुन्हा विजय मिळाला, १९ डिसेंबर १९५३ रोजी तिसऱ्यांदा मिळाला, आणि त्यानंतर आजतागायत वेल्सच्या वरिष्ठ संघाला न्यू झीलंडवर एकदाही विजय मिळालेला नाही. कोळशाच्या खाणी बंद पडल्या, चॅपले ओस पडली, खाणमजुरांची वस्ती असलेल्या दऱ्यांमधून तरुण बाहेर गेले, दोन पिढ्या या प्रतीक्षेत सरल्या. आणि जे वडीलधाऱ्यांना अठ्ठावन्न वर्षांहून अधिक काळ साधले नव्हते ते विशीच्या आतल्या मुलांनी साधले.

येथे मोह उत्पन्न होतो. तरुण संघाचा विजय म्हणजे वरिष्ठ संघाच्या नावे लिहिलेली मुदतीची हुंडी आहे, ती पाचसात वर्षांनी वटेल, असे समजण्याचा तो मोह होय. आणि त्याच न्यायाने तरुण संघाचा पराभव म्हणजे येऊ घातलेल्या दिवाळखोरीची आगाऊ नोटीस ठरते. वस्तुतः हा हिशेबच खोटा आहे. स्टेलनबॉशच्या विजेत्यांना त्याच स्पर्धेच्या उपान्त्य फेरीत त्याच न्यू झीलंडने ३०-६ असे लोळवले. आणि ९२ गुणांची नामुष्की ज्या २०११ च्या जूनमधली, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वेल्सचा वरिष्ठ संघ न्यू झीलंडमध्ये विश्वचषकाच्या उपान्त्य फेरीत पोहोचला होता, तेथे त्याचा कर्णधार पहिल्या वीस मिनिटांच्या आत लाल कार्ड मिळून बाहेर गेला असतानाही फ्रान्सविरुद्ध केवळ एका गुणाने, ९-८ असा, तो हरला. हा कर्णधार सॅम वॉरबर्टन. त्या सामन्याच्या उत्तरार्धात जवळजवळ पन्नास मीटरांवरून मारलेली ज्याची लाथ दांडीच्या किंचित खाली पडली तो ली हाफपेनी. हे दोघेही २००८ साली वेल्समध्येच भरलेल्या पहिल्या तरुण जागतिक स्पर्धेत खेळले होते, वॉरबर्टन तर कर्णधारच होता. आणि त्या संघाचा क्रमांक आला होता चौथा. करंडकांच्या यादीत चौथ्या क्रमांकाला रकाना नसतो, तथापि पुढल्या दशकाचा वेल्सचा कणा त्या चौथ्या क्रमांकातून निघाला. उलट २०१६ साली तरुणांनी सहा राष्ट्रांच्या स्पर्धेत पाचही सामने जिंकून ग्रँड स्लॅम मिळवला, त्यातल्या कित्येकांची नावे आज रग्बीच्या कट्टर भक्तालाही आठवून आठवून सांगावी लागतील.

हे सर्व एक वेळ क्रीडासमीक्षकांच्या भोळेपणाचे उदाहरण म्हणून सोडून देता आले असते. परंतु तरुण संघाकडे हुंडी म्हणून पाहण्याची वृत्ती जेव्हा नियमावलीत शिरते, तेव्हा तिचे गहाणखत होते, आणि गहाण पडतो तो हाडामांसाचा मुलगा. माझे मुख्य म्हणणे याविषयी आहे.

आंतरराष्ट्रीय रग्बीत एका देशाच्या वरिष्ठ संघाकडून खेळलेल्या खेळाडूला दुसऱ्या देशाकडून खेळता येत नसे, आणि ही बंदी केवळ वरिष्ठ संघापुरती नव्हती : प्रत्येक देशाने आपला एक 'दुसरा संघ' दप्तरी नोंदवायचा, आणि दोन देशांचे असे नोंदलेले दुसरे संघ परस्परांशी खेळले तर त्या सामन्यात उतरलेला प्रत्येक जण आपापल्या देशाशी कायमचा बांधला जायचा. बहुतेक मोठ्या देशांनी आपला प्रौढांचा 'अ' संघ या जागी नोंदवला होता. वेल्सचा 'अ' संघ त्या काळात नियमाने खेळतच नव्हता. म्हणून वेल्सने ती नोंद वीस वर्षांखालील संघाच्या नावे केली. फ्रान्सनेही तेच केले. परिणाम असा झाला की एखादा वेल्श मुलगा तरुण संघातून अन्य देशांविरुद्ध कितीही सामने खेळला तरी मोकळा राही, परंतु फ्रान्सच्या तरुणांविरुद्ध मैदानात पाऊल टाकताच तो जन्माचा वेल्श ठरे. एखाद्या जमिनीचा मालक कोण हे तिच्यावर कोणत्या दिशेने पाऊस आला यावरून ठरवावे, तसाच हा न्याय.

स्टीव्हन शिंगलर हा या न्यायाचा बळी. आईकडून तो स्कॉटिश. २०१२ च्या आरंभी स्कॉटलंडने त्याला आपल्या वरिष्ठ चमूत निवडले. वेल्सने हरकत घेतली की २०११ साली हा आमच्या तरुण संघातून फ्रान्सविरुद्ध खेळला आहे, सबब तो आमचा. प्रकरण आंतरराष्ट्रीय मंडळापुढे गेले आणि निकाल वेल्सच्या बाजूने लागला. सामना खेळला तेव्हा हा मुलगा एकोणीस वर्षांचा होता. कायद्याच्या लेखी अठराव्या वर्षी माणूस सज्ञान होतो हे मान्य. परंतु सज्ञान माणसालाही आपण कशावर सही करतो आहोत हे आधी वाचायला द्यावे लागते, आणि येथे तर सहीच नव्हती, होती फक्त अंगावर चढवलेली एक लाल जर्सी. त्याच २०१२ च्या फेब्रुवारीत कार्डिफला वेल्स विरुद्ध स्कॉटलंड सामना झाला, त्यात वेल्सकडून पदार्पण करणारा खेळाडू होता ॲरन शिंगलर : स्टीव्हनचा सख्खा भाऊ. स्टीव्हनला मात्र ज्या वेल्सने हक्काने रोखून धरले त्या वेल्सने वरिष्ठ संघातून एकही कसोटी दिली नाही, आणि स्कॉटलंडचा दरवाजा तर बंदच झाला होता. कबजा घेतला, वहिवाट केली नाही, आणि दुसऱ्यालाही करू दिली नाही. आमच्या गावाकडच्या भाऊबंदकीत याहून वेगळे काय घडते?

आता याच्या शेजारी दोन नावे ठेवून पाहावीत. गॅरेथ ॲन्स्कोम हा न्यू झीलंडच्या त्या २०११ च्या विजेत्या तरुण संघातला, ज्या स्पर्धेत वेल्सवर ९२ गुण चढले त्याच स्पर्धेतला खेळाडू. त्याची आई कार्डिफची. रॉस मॉरिआर्टी हा २०१३ साली फ्रान्समध्ये अंतिम सामन्यात वेल्सच्या तरुणांना २३-१५ असे हरवणाऱ्या इंग्लंडच्या तरुण चमूतला. त्याचे वडील व चुलते दोघेही वेल्सचे खेळाडू, चुलते तर १९८७ च्या विश्वचषकातले वेल्सचे कर्णधार. न्यू झीलंड व इंग्लंड यांच्या दप्तरी दुसरा संघ म्हणून तरुणांची नोंद नव्हती, म्हणून हे दोघे मोकळे राहिले, आणि मोकळे असल्यामुळेच आपल्या मर्जीने वेल्सकडे आले. १६ मार्च २०१९ रोजी वेल्सने आयर्लंडला २५-७ असे हरवून ग्रँड स्लॅम पुरा केला, त्या दिवशी पंचवीसपैकी वीस गुण ॲन्स्कोमच्या लाथेचे होते, आणि आठ क्रमांकाची जर्सी मॉरिआर्टीच्या अंगावर होती. ज्यांनी मुलांना बांधले नाही त्यांच्याकडून वेल्सला दोन खेळाडू लाभले. ज्याला वेल्सने स्वतः बांधले तो कोणाच्याच उपयोगी पडला नाही.

वेल्सची बाजू मी जाणूनबुजून दुबळी करून मांडू इच्छीत नाही. तीसएक लाख वस्तीचा देश, शेजारी इंग्लंडसारखा धनाढ्य व बहुसंख्य, मधली सरहद्द नकाशापुरती. आपण वाढवलेले पोर ऐन हाताशी आल्यावर शेजाऱ्याने उचलून नेऊ नये ही धास्ती काल्पनिक नव्हे. एका मुलाला घडवायला शाळेचा शिक्षक, गावच्या क्लबातला विनामूल्य राबणारा प्रशिक्षक आणि शनिवारी पहाटे गाडी काढणारा बाप यांची दहा वर्षे खर्ची पडतात, त्या खर्चाला काही तारण हवे असे कोणाला वाटले तर मी त्याला लोभी म्हणणार नाही. पण तारण घ्यायचे ते ऋणकोला समजावून, आणि परतफेडीची वाट मोकळी ठेवून. मुलगा राहावा असे वाटत असेल तर त्याला राहावेसे वाटेल असा क्लब, असे वेतन आणि असा संघ उभा करावा लागतो, आणि त्याच कामात वेल्सचे रग्बी मंडळ गेली वीस वर्षे वारंवार कमी पडले आहे. दप्तरातली नोंद हा त्या कामाला शोधलेला स्वस्त पर्याय होता.

आंतरराष्ट्रीय मंडळाला हे उशिरा का होईना उमगले. १ जानेवारी २०१८ पासून वीस वर्षांखालील संघ 'दुसरा संघ' म्हणून नोंदवण्यास मनाई झाली, आणि त्यानंतर तरुण संघातला खेळ हा पुन्हा केवळ खेळ झाला. हा निर्णय पूर्णतः योग्य होता असे माझे मत आहे. किंबहुना त्यापूर्वी बांधल्या गेलेल्यांनाही त्याच हुकमाने मुक्त करावयास हवे होते.

हुंडीचा मोह मात्र नियम बदलून जात नाही. १४ मार्च २०२५, शुक्रवारी रात्री कार्डिफ आर्म्स पार्कवर वेल्सच्या तरुणांनी इंग्लंडच्या तरुणांना २३-१३ असे हरवून त्यांचा ग्रँड स्लॅम हुकवला, आणि या विजयात उद्याच्या वेल्सची चाहूल शोधणाऱ्यांना उद्यापलीकडे थांबावे लागले नाही : दुसऱ्याच दिवशी, भिंतीला भिंत लागून असलेल्या मोठ्या मैदानावर, वेल्सचा वरिष्ठ संघ त्याच इंग्लंडकडून ६८-१४ असा हरला.