ऑफर लेटर समोर असताना

आज बिली संडेबद्दल. १८८३ साली शिकागोच्या व्हाइट स्टॉकिंग्ज संघात आलेला हा बेसबॉलपटू वाऱ्यासारखा धावायचा. पुढे त्याला प्रभूची ओढ लागली. १८९१ मध्ये वर्षाला ३५०० डॉलरचा करार सोडून तो शिकागोच्या वायएमसीएत महिना ८३ डॉलरवर सेवेला लागला. पगार एक तृतीयांशाहूनही कमी!

नंतर प्रवचनकार म्हणून त्याचं अमेरिकाभर नाव झालं, भरपूर पैसाही आला. मग तो त्याग खोटा ठरला का? मला नाही वाटत. करार नाकारला तेव्हा पुढचं काहीच ठाऊक नव्हतं. पण एकदा केलेला त्याग जन्मभर पुरत नाही. पैसा आला की पुन्हा कस लागतो.

मित्रांनो, ऑफर लेटर आलं की मी अजूनही आधी आकडाच बघतो. तुम्ही?