शेजारी कोण? : प्रीतीच्या आज्ञेतील एक पेच

प्रेम हा आज्ञेचा विषय होऊ शकतो काय, हा प्रश्न ख्रिस्ती नीतिविचाराला प्रारंभापासून चिकटलेला आहे. चोरी करू नये, खोटी साक्ष देऊ नये या आज्ञा पाळता येतात, कारण त्या कृतीविषयी आहेत. प्रेम ही भावना असेल तर ती हुकमाने उत्पन्न होत नाही. आणि हुकमाने जे उत्पन्न होते त्याला प्रेम म्हणावे काय, अशी रास्त शंका येते. तरीही येशूने ज्या दोन आज्ञांत नियमशास्त्राचे सार सांगितले, त्यांतील दुसरी शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आहे. ही आज्ञा त्याने नव्याने घडविलेली नाही. जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायातून ती आलेली आहे, आणि त्याच अध्यायात पुढे देशात राहणाऱ्या परक्यावरही तशीच प्रीती करण्यास सांगितलेले आहे. आपला आणि परका यांमधील सीमारेषेचा प्रश्न आज्ञेच्या मूळ संहितेतच उपस्थित आहे, ही गोष्ट लक्षात घ्यायला हवी.

मराठी बायबलने येथे 'शेजारी' हा शब्द योजला. मूळ हिब्रू शब्दाचा रोख सोबत्याकडे, आपल्यातल्या माणसाकडे आहे. ग्रीक शब्दाचा रोख जवळ असणाऱ्याकडे आहे. मराठीतला शेजारी मात्र भिंतीला भिंत लागून राहणारा. आणि गावगाड्यात कोणाची भिंत कोणाच्या भिंतीला लागेल हे जातीने ठरविलेले असे. वेशीबाहेरचा माणूस या अर्थाने कोणाचाच 'शेजारी' नव्हता. त्यामुळे आज्ञा मराठीत आली तेव्हा तिच्या मूळ पेचात एका स्थानिक पेचाची भर पडली.

आज्ञापित प्रेमाच्या कूटप्रश्नाला आधुनिक युरोपीय विचाराने दिलेली उत्तरे परिचित आहेत. कांटने १७८५च्या नीतिमीमांसेत प्रेमाचे दोन प्रकार कल्पिले. कल म्हणून वाटणारे प्रेम आज्ञेच्या कक्षेबाहेर आहे. कर्तव्य म्हणून केलेले हित मात्र आज्ञेचा विषय होऊ शकते. कीर्केगार्दने १८४७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रेमकृतींविषयीच्या ग्रंथात याहून पुढचे पाऊल टाकले. प्रियकराचे किंवा मित्राचे प्रेम निवड करते, आणि निवडीत आत्मप्रेम लपलेले असते. प्रेम कर्तव्य होते तेव्हाच ते कालाच्या आणि मनःस्थितीच्या फेऱ्यांतून मुक्त होते, असे त्याचे म्हणणे. मृत व्यक्तीवरील प्रेम हे सर्वांत निःस्वार्थी, कारण तिच्याकडून परतफेड संभवत नाही, येथपर्यंत तो जातो. अशा प्रेमात समोरच्या माणसाचे मूर्तपण हरवते आणि तो केवळ निमित्त उरतो, ही अडोर्नोने घेतलेली हरकत दुर्लक्षिण्यासारखी नाही.

फ्रॉइडची हरकत उलट दिशेची आहे. परका माणूस माझ्या प्रेमाला पात्र का समजावा, आणि सर्वांना सारखे दिलेले प्रेम माझ्या आप्तांवर अन्याय करीत नाही काय, असे तो १९३० साली विचारतो. दोस्तोयेव्हस्कीचा इव्हान करामाझोव तर म्हणतो की माणसावर दुरूनच प्रेम करता येते. जवळ आल्यावर त्याचा चेहरा, त्याचा वास, त्याच्या सवयी आड येतात. अखिल मानवजातीवर प्रेम करणाऱ्याला एका खोलीत दुसऱ्या माणसाबरोबर दोन दिवस काढणे असह्य होते, ही त्याच कादंबरीतली विदारक जाणीव आहे.

या सर्व विवेचनांत एक गृहीतक समान आहे. प्रेम करणारा 'मी' कर्ता आहे आणि 'इतर' हा त्या प्रेमाचा विषय आहे. मी किती देऊ शकतो, कोणाला देऊ शकतो, एवढीच चर्चा होते. लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याचा दृष्टान्त काळजीपूर्वक वाचला तर हे गृहीतकच डळमळीत होते.

माझा शेजारी कोण, असा प्रश्न शास्त्री विचारतो. त्याला व्याख्या हवी आहे. म्हणजे कर्तव्य कोठे संपते ते ठरविता येईल. उत्तरादाखल येशू यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटला गेलेल्या माणसाची कथा सांगतो. याजक आणि लेवी बाजूने निघून जातात. शोमरोनी थांबतो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेतो. शेवटी येशू प्रश्न फिरवितो : त्या जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला? आता 'शेजारी' हा मदत घेणारा उरत नाही, मदत करणारा होतो. कथा ऐकणाऱ्या यहुदी श्रोत्याला स्वतःची जागा वाटेवर पडलेल्या माणसात शोधावी लागते, आणि ज्याचा स्पर्श नकोसा त्या शोमरोन्याच्या हातून जीवदान स्वीकारावे लागते. शास्त्र्याच्या उत्तरात 'शोमरोनी' हा शब्दच येत नाही. दया करणारा, एवढेच तो म्हणतो. त्या न उच्चारलेल्या शब्दात आज्ञेची खरी अवघडता दडलेली आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो आणि ती चकित होते, हा प्रसंग याच अर्थसूत्रात वाचला पाहिजे.

पाणी कोणाच्या हातचे घ्यावे, हा प्रश्न मराठी वाचकाला अपरिचित नाही. देणे हे आपल्या परंपरेत पुण्य आहे आणि ते वरून खाली वाहते. घेण्याची दिशा मात्र कडक पहाऱ्यात ठेवलेली होती. म्हणूनच लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४-३७) या आज्ञेवरील एक महत्त्वाचे मराठी भाष्य ठरतात. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकात वाढलेली ही स्त्री. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर ती काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिली. परतल्यावरही सोवळे सुटले नव्हते. पुढे जात ही माणसाने निर्माण केली आहे हे तिला स्वतःच्या विचाराने उमगले, आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास ती सिद्ध झाली. १९००मधील तिचा बाप्तिस्मा त्यानंतरचा आहे. तिच्या आंतरिक प्रवासाचे निर्णायक पाऊल देण्यात नाही, घेण्यात आहे.

याच पुस्तकात आज्ञेची दुसरी बाजूही आहे. टिळकांचे औदार्य अमर्याद होते. अनाथ, निराधार यांना ते घरी आणीत, हातातला पैसा देऊन टाकीत. त्यांच्या प्रीतीचा रोजचा हिशेब मात्र लक्ष्मीबाईंच्या चुलीपाशी मांडला जाई. दृष्टान्तातला शोमरोनी उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार देतो आणि अधिक खर्च झाल्यास परतताना भरून देण्याचे वचन देतो. आपल्या दयेचा भार त्याने दुसऱ्यावर फुकट टाकलेला नाही. संताच्या घरातील उतारशाळेच्या मालकिणीला ते दोन दीनार कोण देतो? लक्ष्मीबाई हा प्रश्न तक्रार म्हणून मांडीत नाहीत. त्यांचा विनोद तो मांडतो. त्या विनोदात टिळकांवरचे प्रेम आहे आणि त्यांच्या प्रेमाची समीक्षाही आहे. सर्वांचा शेजारी झालेल्या माणसाला घरातला शेजारी दिसतो काय, ही फ्रॉइडची शंका येथे अधिक सौम्य आणि म्हणून अधिक भेदक झालेली आहे.

या वाचनाला एक गंभीर आक्षेप संभवतो. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर गेलेल्या माणसांनी कोणाची प्रीती मागितली नव्हती. पाण्यावरचा हक्क बजावला होता. न्याय नाकारणारी प्रीती हा अपमान असतो, हे मान्यच करावे लागेल. उतारशाळेच्या हिशेबाचा मुद्दाही शेवटी न्यायाचाच आहे. परंतु हक्क मिळाल्यानंतरही एक गोष्ट कायद्याच्या आवाक्याबाहेर राहते : ज्याला कालपर्यंत आपण हीन मानले, त्याचे ऋण मान्य करणे. तळे सर्वांना खुले करता येते. शास्त्र्याच्या तोंडून 'शोमरोनी' हा शब्द कोणताही कायदा वदवून घेऊ शकत नाही. आज्ञा तेथे सुरू होते. ती पाळली गेली किंवा नाही, हे आज्ञा पाळणाऱ्याने ठरवावयाचे नाही. दृष्टान्तात तो निवाडा वाटेवर पडलेल्या माणसाच्या बाजूने केला जातो, आणि आपल्या नीतिचर्चेत त्या माणसाची साक्ष अद्याप क्वचितच घेतली जाते.