वारसा वाटताना कोणाला विचारावे?



नमाजच्या रकअतींचा तपशील उम्मतला अल्लाहच्या प्रेषितांनी (स.) शिकवला. वारशाचे हिस्से मात्र अल्लाहने सूरह अन्-निसाच्या 11, 12 आणि 176 या आयतींत स्वतः ठरवून दिले. जो हिशेब खुद्द निर्मात्याने केला, तेथे आपला अंदाज चालत नाही.

हजरत सअद बिन रबीअ (रजि.) उहुदच्या लढाईत शहीद झाले आणि त्यांच्या भावाने सर्व मालमत्ता घेतली. त्यांची पत्नी दोन मुलींना घेऊन प्रेषितांकडे (स.) आली. आयत अवतरल्यावर प्रेषितांनी (स.) निवाडा केला: 24 भागांपैकी 16 मुलींना, 3 पत्नीला, उरलेले 5 भावाला. हक्कासाठी जाणकाराचे दार ठोठावणे ही घराण्याची बेअब्रू नव्हे, हे येथून समजते.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात ‘घरचे घरातच मिटवू’ अशी रीत आहे. वारस थोडे, सर्व सज्ञान आणि एकमताचे असतील तर त्यात गैर काही नाही. प्रथम दफनविधीचा खर्च, नंतर कर्ज (पत्नीचा न दिलेला महर हेही कर्जच), मग एक-तृतीयांशाच्या आतील वसीयत, आणि शेवटी हिस्से. समजा, मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी आणि आठ एकर, म्हणजे 320 गुंठे, उरले. पत्नीला 40, प्रत्येक मुलाला 112 आणि मुलीला 56 गुंठे. नंतर तलाठ्याकडे वारसनोंद करून घ्यावी.

परंतु सात-बारावर अजून आजोबांचे नाव असेल आणि मधले वारसही वारले असतील, तर मुनासख्याचा हा हिशेब मुफ्तींकडूनच करून घ्यावा. वारसांत यतीम असेल, जुने कागद निजामकाळातील असतील किंवा वाद असेल, तर वकीलही हवा. 1937 च्या शरीअत कायद्याच्या कलम 2 मधून शेतजमीन वगळलेली आहे. म्हणून शेतीबाबत कायद्याचा सल्ला अधिकच गरजेचा. आलिम हिस्सा सांगेल, वकील तो कागदावर टिकवेल. एकाचे काम दुसरा करू शकत नाही. बँकेतील नॉमिनी हाही केवळ रक्कम स्वीकारणारा असतो, एकटा मालक नव्हे.

सर्वांत नाजूक प्रश्न बहिणीचा. ‘तुझ्या लग्नात खर्च झाला’ असे म्हणून हक्कसोडपत्रावर घेतलेली सही ही खुशी नसते. माहेर तुटेल या भीतीची ती सही असते. लग्नाच्या खर्चाने वारसा फिटत नाही. आधी तिचा हिस्सा तिच्या नावावर आणि ताब्यात द्या. त्यानंतर तिने आपखुशीने काही दिले, तर ती देणगी. आणि बहिणींनो, वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे 1987 च्या कायद्यानुसार स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो.

तहज्जुद पढणाऱ्या भावाच्या शेतात बहिणीचे 56 गुंठे अडकलेले असतील, तर त्या धान्याचा घास त्याने कोणत्या तोंडाने खावा?

अल्लाह आम्हां सर्वांना हक्कदाराचा हक्क हयातीतच पोहोचविण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.