चार उभ्या, एक आडवी

मे महिन्यात गावाकडच्या रस्त्याच्या कडेला कधीकधी एक छोटा मांडव दिसायचा. आत टेबल, पाण्याचं मडकं आणि कागदांवर वाकलेलं कुणीतरी. बांधकाम खात्याची वाहनगणना चाललेली असे. सलग ७ दिवस, रात्रंदिवस. ट्रक गेला की ट्रकच्या रकान्यात एक रेघ, एसटी गेली की बसच्या रकान्यात एक. बैलगाडीलाही तिचा रकाना असे. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी त्यांच्यावरून आडवी. सुट्टीत चार पैसे मिळतील म्हणून कधी गावातलाच एखादा शिकणारा पोरगा तिथे बसलेला असे. पहिल्या दिवशी त्याला गंमत वाटे. तिसऱ्या दिवशी दुपारी डोळे मिटले तरी रेघाच दिसत.

असल्याच वाहनमोजणीच्या कामाला अमेरिकेतल्या सिएटल शहरातली काही शाळकरी मुलं लागली होती.

तिथल्या लेकसाइड या खासगी शाळेत १९६८ साली एक टेलिटाइप यंत्र आलं. शाळेतल्या मातांच्या मंडळानं जुन्या वस्तूंची विक्री करून त्यासाठी पैसे उभे केले होते. यंत्राला पडदा नव्हता. टाइपरायटरसारखं ते खडखडायचं आणि उत्तर कागदावर छापायचं. खरा संगणक दूर कुठेतरी, टेलिफोनच्या तारेच्या दुसऱ्या टोकाला. आणि जितका वेळ वापराल तितके पैसे. तेरा वर्षांच्या बिल गेट्सनं त्यावर लिहिलेला पहिला प्रोग्रॅम फुली-गोळ्याच्या खेळाचा होता. मातांनी जमवलेले पैसे मुलांनी बघता बघता संपवले. मग एका कंपनीशी सौदा ठरला : मुलांनी तिच्या संगणकातल्या चुका शोधून द्यायच्या आणि त्या बदल्यात संगणक फुकट वापरायचा. घाम गाळायचा आणि मजुरी म्हणून यंत्राचा वेळ घ्यायचा.

पुढे ही शाळा मुलींच्या एका शाळेशी एकत्र झाली आणि वेळापत्रकाचा गुंता झाला. कुणाचा कुठला तास कधी, हे ठरवणारा प्रोग्रॅम लिहायचं काम विद्यार्थ्यांकडेच आलं. १९७२ च्या मे महिन्यात त्यातला एक मुलगा, गेट्सचा जिवलग मित्र, गिर्यारोहणात गेला. ते अर्धं राहिलेलं काम त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत गेट्सनं शाळेतला दुसरा मित्र पॉल अ‍ॅलन याला सोबतीला घेऊन पुरं केलं.

त्याच सुमाराचं वाहनमोजणीचं काम. रस्त्यावर एक रबरी नळी आडवी टाकलेली असे. तिच्यावरून चाक गेलं की कडेच्या पेटीतल्या कागदी पट्टीवर त्याची नोंद भोकांच्या रूपात होई. पण ती भोकं वाचणार कोण? गेट्स आणि अ‍ॅलन यांनी आपले वर्गमित्र गाठले. त्यांनी पट्ट्या डोळ्यांनी वाचायच्या, आकडे संगणकाच्या कार्डांवर उतरवायचे. भोक, भोक, कोरी जागा, पुन्हा भोक. मांडवातल्या पोराची तिसरी दुपार ती हीच.

त्या कंटाळ्यातूनच पट्टी आपोआप वाचणारं यंत्र करायची कल्पना निघाली. इंटेलच्या ८००८ चिपवर ते त्यांनी बांधलंही. त्यात फारसा पैसा मिळाला नाही. पण त्या चिपसाठी केलेली पूर्वतयारी १९७५ मध्ये अल्टेअर संगणकासाठी बेसिक भाषा लिहिताना उपयोगी पडली. पुढची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, म्हणून ती सोडून देऊ. माझं मन रेंगाळतं ते भोकं वाचणाऱ्या वर्गमित्रांपाशी. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. नेमकं काय वाचवायला हवं, हे कळायला कुणाचे तरी डोळे आधी दुखावे लागतात.

आपल्याकडे १९८४ साली केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून शाळांमध्ये बीबीसी मायक्रो संगणक येऊ लागले. पुढे इतर शाळांनीही आपापल्या परीनं संगणक आणले. अनेकांच्या आठवणीत ती खोली अजून आहे : दाराबाहेर चपलांची रांग, यंत्रांवर कापडी आच्छादनं, खोलीची किल्ली सरांच्या खिशात. आठवड्यातून एकदा आपली पाळी यायची, तीही दोघा-तिघांत मिळून. चपला काढल्या, धूळ बाहेर राहिली. पण मुलांची कामंही त्या चपलांबरोबर दाराबाहेरच राहिली. उसाच्या वजनाच्या पावत्या, दुधाच्या रतीबाचा हिशेब, मांडवातल्या त्या रेघा. आत गेल्यावर पुस्तकातलं उदाहरण टाइप करायचं आणि पुस्तकातलंच उत्तर आलं की खूश व्हायचं. यंत्र समोर होतं, पण त्याला विचारावा असा आपला प्रश्न नव्हता. आणि ज्याच्याकडे प्रश्न होता तो मांडवात बसून रेघा ओढत होता.

लेकसाइडच्या मुलांकडे पैसेवाली शाळा होती, हे खरंच. तरी त्यांचं खरं नशीब मला दुसरंच वाटतं. यंत्र आणि कंटाळवाणं काम या दोन्ही गोष्टी त्यांना एकाच वयात, एकाच वेळी भेटल्या.

आता सुट्टी लागली की आपण मुलांना कोडिंगच्या क्लासला घालतो. घालावंच. पण दुकानाच्या गल्ल्यावर त्यांना बसवायचं म्हटलं की घरात कुणीतरी म्हणतंच, ‘अभ्यासाचं वय आहे, कशाला?’

आमच्या शेजारच्या मुलानं दहावीची परीक्षा दिली आणि सुट्टीत तो मामाच्या किराणा दुकानात जाऊ लागला. उधारीची वही त्याच्याकडे आली. आठवडाभर तो कुरकुरत होता. परवा जिन्यात भेटला आणि म्हणाला, “काका, वहीत लोकांची नावं तारखेनं लिहिलीत. एकाची उधारी बघायची तर सगळी पानं उलटावी लागतात. हे आधी नाववार लावायला पाहिजे.”

मी विचारलं, “मग?”

“मग काय, रात्री बसून वही नव्यानं लिहितोय. हातानंच.”