वारसा आणि स्वीकार

स्थलांतरित कुटुंबांतील किशोरवयीन मुलांची वांशिक ओळख, म्हणजे भाषा, चालीरीती आणि पूर्वज यांच्यामुळे एका समूहाशी आपले नाते आहे ही जाणीव, मानसशास्त्रज्ञ जीन फिनी यांच्या मांडणीनुसार आधी विचार न करताच अंगवळणी पडलेली असते, पुढे ती शोधाचा विषय होते आणि अखेर जाणतेपणाने स्वीकारली जाते. मात्र जे वारशाने आधीच मिळाले आहे ते पुन्हा स्वीकारण्याची गरज का पडावी, हा तात्त्विक प्रश्न पांढुर्णा आणि सौंसर येथे विशेष ठळक होतो. कारण १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, ही दोन्ही गावे ज्यात होती तो छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी नागपूरहून भोपाळला हलली, तेव्हा येथील मराठी घरे जागची हललीसुद्धा नव्हती. तरीही घरात आजीशी वऱ्हाडी वळणाने बोलणारा आणि वर्गात हिंदीत उत्तरे लिहिणारा मुलगा भोपाळला मराठी ठरतो, तर पुण्यात हिंदीकडचा.

न तपासलेला वारसा किती महाग पडतो, हे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीत दिसते. जाम नदीच्या पात्रात रोवलेल्या पळसाच्या झाडासाठी पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर येतात, आणि एकच बोली बोलणारे लोक केवळ काठ वेगळा म्हणून एकमेकांवर दगड फेकतात. त्यात माणसे जायबंदी झाली आहेत, काहींचे प्राणही गेले आहेत. श्रद्धेचा मान राखूनही हे म्हणणे भाग आहे की, जन्माने मिळालेली बाजू आपली आहे एवढे कारण दगड उचलायला पुरत नाही.

याउलट, सरहद्द बदलण्याच्या अठराच दिवस आधी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्यासह लाखोंनी बौद्ध धम्म स्वीकारला. जन्माने लादलेली ओळख विचारपूर्वक नाकारता येते, हे त्यांनी कृतीने सिद्ध केले. सौंसरकडील बौद्ध घरांतल्या आजच्या मुलांना मात्र तो निर्णयही वारशानेच मिळतो, म्हणून आजोबांनी ते का निवडले हे त्यांना नव्याने समजून घ्यावे लागते. भाषेच्या वारशाबाबत राज्यघटनेचे कलम ३५० अ भाषिक अल्पसंख्य मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची सोय देण्यास सांगते, पण ती प्राथमिक टप्प्यापुरती. ओळखीचा शोध खऱ्या अर्थाने सुरू होतो तो तेराव्या-चौदाव्या वर्षी, आणि तोवर ती सोय संपलेली असते.