नुरा

आमच्या मिरज भागात एखाद्या कुस्तीला शिवी द्यायची तर एकच शब्द पुरतो: नुरा. दोघा पैलवानांनी आधीच ठरवून केलेली, इनाम वाटून घेतलेली कुस्ती म्हणजे नुरा कुस्ती. जत्रेच्या मैदानात तसा नुसता संशय आला तरी लोक ओरडायला लागतात, कुस्ती निकाली करा! ज्या तालुक्यात कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने झाले, तिथे हे साहजिकच आहे. पैलवान वर्षभर खुराक खातो, पहाटे उठून जोर-बैठका काढतो, आणि त्या सगळ्याचा हिशेब मातीत काही मिनिटांत लागायचा असतो. तो हिशेबच खोटा निघाला तर राहिलं काय?

या संस्कारात वाढल्यामुळे जपानच्या रिकिदोझानची गोष्ट मला पचायला वेळ लागला.

सुरुवात मात्र आपल्याकडूनच करायला हवी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव बँटमवेट गटात कांस्यपदक घेऊन आले. त्याच गटात सुवर्णपदक मिळालं जपानच्या शोहाची इशीला. खाशाबांना त्याने हरवलं होतं. त्या ऑलिंपिकमधलं जपानचं हे एकमेव सुवर्ण. युद्ध हरलेल्या देशाला इशी डोक्यावर घेऊन नाचायला पुरेसा होता. पण घराघरात पोचलेला नायक ठरला तो रिकिदोझान, ज्याच्या कुस्त्यांचा निकाल आधी ठरलेला असे.

रिकिदोझान मूळचा सुमो पैलवान. सेकिवाके या तिसऱ्या क्रमांकाच्या श्रेणीपर्यंत पोचून त्याने १९५० मध्ये सुमो सोडली आणि पुढे प्रो-रेसलिंग धरलं. आपण टीव्हीवर डब्ल्यूडब्ल्यूई बघत मोठे झालो, त्याच जातीचा हा खेळ. फेब्रुवारी १९५४ मध्ये टोकियोत शार्प बंधूंविरुद्ध त्याच्या लढती झाल्या. जपानमध्ये टीव्ही येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. चौकाचौकात लावलेल्या टीव्हीसमोर गर्दी लोटली. धिप्पाड 'अमेरिकन' छातीवर हाताचे फटके खाऊन मागे हटताना लोकांनी पाहिले आणि नऊ वर्षांपूर्वीच्या पराभवाचं दुःख थोडं हलकं झालं.

गंमत अशी, की शार्प बंधू अमेरिकन नव्हतेच, कॅनडाचे होते. आणि रिकिदोझानही जन्माने जपानी नव्हता. आज उत्तर कोरियात असलेल्या भागात तो जन्मला, नाव किम सिन-राक. जाहीर चरित्रात मात्र तो नागासाकी जिल्ह्यातल्या ओमुराचा होता. म्हणजे अमेरिकेला हरवणाऱ्या जपानच्या त्या दृश्यात ना खरा अमेरिकन होता, ना जन्माने जपानी माणूस.

मग हे सगळं नुराच का?

मला तसं वाटत नाही. १९०५ साली याच मिरजेत नारायण श्रीपाद राजहंस किर्लोस्कर मंडळीच्या रंगमंचावर शकुंतला होऊन पहिल्यांदा उभे राहिले. पुढे महाराष्ट्र ज्यांना बालगंधर्व म्हणून ओळखू लागला, तेच हे. शकुंतलेच्या वेषात मुलगा आहे हे समोरच्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी फसवलं असं कुणी म्हणालं नाही. कारण तिकीट काढतानाच प्रेक्षकांनी नाटक कंपनीशी एक करार केलेला असतो. जत्रेतल्या कुस्तीचा करार वेगळा असतो: जो पडेल तो खरोखर पडला पाहिजे. नुरा वाईट, कारण ती हा करार मोडते. तीच झोंबाझोंबी रंगमंचावर झाली तर आपण टाळ्या वाजवू. तेव्हा खोटेपणा निकालात नसतो, दिलेला शब्द मोडण्यात असतो.

याचा पुरावा रिकिदोझाननेच दिला. २२ डिसेंबर १९५४ रोजी त्याची जोड लागली मासाहिको किमुराशी. हा जपानचा थोर ज्युदोपटू, ब्राझीलच्या एलिओ ग्रेसीला ब्राझीलमध्ये जाऊन हरवून आलेला. किमुराने पुढे सांगितलं, की कुस्ती बरोबरीत सोडवायची असं ठरलं होतं. पण मध्येच रिकिदोझान खरेखुरे घाव घालू लागला आणि बेसावध किमुरा रक्तबंबाळ होऊन पडला. आमच्या मैदानातल्या माणसाला हे चक्रावून टाकणारं आहे. इथे कुस्ती खरी करणं, हीच फसवणूक होती!

इथवर उत्तर सोपं आहे. अडचण जन्मस्थळाची आहे. त्याबाबत प्रेक्षकांनी कसलाच करार केला नव्हता. ते त्याला मनापासून आपल्या रक्ताचा समजत होते. पण कोरियन माणसाला तेव्हाच्या जपानमध्ये ज्या नजरेने पाहिलं जाई, त्यात किम सिन-राकला ते चौक मिळाले असते का? खरं सांगायची सोय लोकांनीच ठेवली नव्हती. मग एकट्या त्याला खोटारडा कसं म्हणायचं?

हा युक्तिवाद मला पटतो आणि म्हणूनच त्याची भीती वाटते. कारण तो मी ऑफिसात ऐकलेला आहे. परदेशी क्लायंटला पाठवायच्या माझ्या प्रोफाइलवर तीन वर्षांच्या अनुभवाची पाच वर्षं करू, असं मला सुचवण्यात आलं आहे. समर्थन तेच: क्लायंटलाच पाच हवीत, सगळेच करतात, काम तर तुला येतंच. रिकिदोझानला माफ करायचं आणि याला नाही, हे कसं?

मी स्वतःला एक प्रश्न विचारून पाहिला. खरं कळल्यावर समोरच्याचं काय गेलेलं असेल? रिकिदोझान कोरियन होता हे कळल्यावर जपानी प्रेक्षकाचं काहीच जात नाही, फक्त त्याला स्वतःच्या नजरेबद्दल खाली मान घालावी लागते. त्या खोट्याची किंमत भरली ती त्याने स्वतः आणि ज्यांना त्याला उघडपणे 'आमचा' म्हणता आलं नाही त्या कोरियन लोकांनी. डिसेंबर १९६३ मध्ये टोकियोच्या एका नाइटक्लबात त्याला भोसकलं गेलं. आठवड्याभरात तो गेला, एकोणचाळीसाव्या वर्षी, ओमुराचा म्हणूनच. माझ्या दोन वर्षांची किंमत मात्र क्लायंट पैशात भरेल, आणि खरोखर पाच वर्षं घासलेला दुसरा कुणी ती काम गमावून भरेल. ती माझ्या जन्माची गोष्ट नाही. ती वाटून घेतलेल्या इनामाची गोष्ट आहे.

दुबळा माणूस जगाच्या नजरेपासून स्वतःला वाचवायला मुखवटा घालतो, तेव्हा दोष आधी नजरेचा असतो. घामाचा हिशेब वाढवून सांगायला घातलेल्या मुखवट्याला मात्र आमच्याकडे जुनाच शब्द आहे. प्रोफाइलची फाइल माझ्याकडे आहे. तिच्यावर तीनच वर्षं आहेत, आणि तशीच ती मी पाठवणार आहे.