मध्ये उभा केलेला हात
(मार्क ३:१-५)



उपासना संपली की दाराशी आम्ही एकमेकांचा हात हाती घेतो. आमच्या मंडळीतील एक भगिनी मात्र उजवा हात छातीशी धरून बाजूने निघून जात. मनगटाचे हाड मोडले होते. प्लॅस्टर निघाले, एक्स-रेत हाड सांधलेले दिसले, तरी हाताची आग थांबेना. हात सुजे, कधी तापे, कधी गार पडे. पदराचा स्पर्शही सोसवेना. आम्ही म्हणालो, "हाड जुळले, मग दुखते कसे?" कोणी विश्वासाची उणीव काढली.

हे दुखणे मनाचे खेळ नव्हेत. अमेरिकेतील यादवी युद्धात जखमी झालेल्या शिपायांच्या अशाच वेदनेचे वर्णन डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी १८६४ साली केले. जखम भरते, पण मज्जातंतू धोक्याची हाक मारीतच राहतात. हात अगदी न हलवावा तर तो आखडतो. हलवावा तर जीव कासावीस होतो.

प्रभूने वाळल्या हाताच्या मनुष्याला सभास्थानात मध्ये उभे केले. त्याच्या विश्वासाची झडती घेतली नाही. त्याला राग आला तो पाहणाऱ्यांच्या कठोर अंतःकरणांचा. पौलाने तीनदा विनवूनही काटा निघाला नाही. कृपा मात्र पुरली. मग जो बरा झाला नाही त्याचा विश्वास मोजणारे आम्ही कोण?

त्या भगिनी अजून बऱ्या झालेल्या नाहीत. आता दाराशी आम्ही लांबूनच सलाम करतो, आणि त्यांचे पवित्रशास्त्र शब्बाथशाळेतील एखादे मूल घरापर्यंत पोहोचविते. वाळले होते ते आमचे अंतःकरण. प्रभू ते बरे करो. आमेन.